महिन्याच्या पगारावरून प्रसूती लाभ काढताना: नाशिकमधील एका कंपनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग पुरवणारी एक खाजगी कंपनी आहे. तिथे 46 माणसे काम करतात. आठवड्याचे सहा दिवस काम, रविवारी सुट्टी, पगार महिनाअखेरीस बँकेत. पगारपत्रक लेखापाल एक्सेलवर करतात. भविष्य निर्वाह निधी आणि कामगार राज्य विमा म्हणजे ईएसआय यांची चलने बाहेरचे सल्लागार भरतात. कंपनीत याआधी बाळंतपणाची एकच रजा झाली होती, तीही ईएसआयमधल्या कर्मचाऱ्याची, त्यामुळे रक्कम परस्पर ईएसआयकडून आली होती. स्वतः हिशेब करून पैसे द्यायची वेळ कंपनीवर पहिल्यांदाच आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, हिशेबाची रीत तीच ठेवली आहे.)

वसुली विभागातील एक महिला कर्मचारी 10 जुलै 2023 रोजी रुजू झाल्या. पहिलेच बाळंतपण, अपेक्षित तारीख 12 फेब्रुवारी 2024. 15 डिसेंबरला त्यांनी डॉक्टरांच्या दाखल्यासह पत्र दिले: 1 जानेवारी 2024 पासून रजेवर जात आहे, 26 आठवड्यांचा लाभ मिळावा.

त्यांचा ठरलेला मासिक पगार असा होता: मूळ पगार व महागाई भत्ता 18,000, घरभाडे भत्ता 7,200, प्रवास भत्ता 1,800, विशेष भत्ता 7,500. एकूण 34,500 रुपये. शिवाय थकबाकी वसूल झाली की तिच्या प्रमाणात प्रोत्साहन रक्कम, जी दर महिन्याला बदलते. 4 ते 13 डिसेंबर या दहा दिवसांत डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली होती. किरकोळ रजा संपलेल्या असल्याने ते दहा दिवस, मधला रविवार धरून, बिनपगारी लावले गेले.

अडचण

पत्र आल्यावर कंपनीतून आधी दोन उत्तरे मिळाली. एक, प्रोबेशन संपलेले नाही, त्यामुळे लाभ लागू नाही. दोन, कंपनी ईएसआय भरते, तिकडे जा. दोन्ही मागे घ्यावी लागली. मग लेखापालांनी हिशेब मांडला: मूळ पगार 18,000 भागिले 30 म्हणजे रोज 600, 26 आठवडे गुणिले सहा दिवस म्हणजे 156 दिवस, एकूण 93,600 रुपये. बाळंतपणाआधीच्या सहा आठवड्यांचे म्हणून 36 दिवसांचे 21,600 रुपये 29 डिसेंबरला जमाही झाले.

या कर्मचारी बाईंनी आक्षेप घेतला तो साध्या शब्दांत: सहा महिने कामावर असते तर दोन लाखांच्या वर मिळाले असते, रजेवर असताना ते निम्म्याहूनही कमी कसे? मालकांनी सल्लागारांना बसवून सगळा हिशेब पहिल्यापासून करायला सांगितले. त्यात ज्या ठिकाणी निर्णय घ्यावे लागले, ती पुढे क्रमाने.

पात्रता आणि देणारा कोण

तेव्हा लागू असलेल्या प्रसूती लाभ कायदा, 1961 मध्ये प्रोबेशनचा उल्लेखही नाही. कलम 5(2) ची अट एकच: अपेक्षित तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत प्रत्यक्ष 80 दिवस काम. मस्टरवरून मोजले तर 10 जुलै ते 31 डिसेंबर या काळात प्रत्यक्ष हजेरीचे 130 दिवस भरले. कायद्याने मिळालेल्या पगारी सुट्ट्याही या मोजणीत धरता येतात, पण इथे त्यांची गरजच पडली नाही.

ईएसआयचा मुद्दा थोडा फसवा आहे. कंपनी ईएसआयच्या कक्षेत असली की प्रसूती लाभ कायदा तिला लागूच नाही, असे बरेच जण कलम 2 वाचून समजतात. कलम 5ब तिथे वाचायचे राहून जाते. ज्या बाईचा पगार ईएसआयच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे 2017 पासून 21,000 रुपयांपेक्षा, जास्त आहे आणि जिने 80 दिवसांची अट पुरी केली आहे, तिला या कायद्याखाली मालकानेच पैसे द्यायचे. या कर्मचारी पहिल्या दिवसापासून 34,500 वर होत्या, त्यामुळे प्रश्न सरळ सुटला. पगार वर्षाच्या मध्येच 21,000 ओलांडतो तेव्हा गुंता होतो: एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च यातला चालू वर्गणी काळ संपेपर्यंत ती बाई ईएसआयमध्येच राहते आणि हक्कही तिथल्या वर्गणीवरून ठरतो. अशा वेळी आधी वर्गणीचे दिवस तपासावेत, मगच मालकाचा हिशेब उघडावा.

कोणते पैसे धरायचे

मूळ पगारावर हिशेब करण्याची सवय भविष्य निर्वाह निधीमुळे लागते. या कायद्याच्या कलम 3 मधली वेतनाची व्याख्या बरीच रुंद आहे. तिच्यात महागाई व घरभाडे भत्त्यांसह रोखीतले सगळे भत्ते येतात, प्रोत्साहन बोनसही येतो. बाहेर राहतात ते प्रोत्साहनाखेरीजचे बोनस, जादा कामाचे पैसे, निधीतला मालकाचा हिस्सा आणि उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी.

त्यामुळे पूर्ण 34,500 आत आले. दिवाळीला दिलेले 10,000 रुपये सानुग्रह बाहेर. ऑक्टोबरच्या मालमोजणीचे जादा कामाचे 1,200 बाहेर. वसुलीवरची रक्कम आत, कारण ती कामाच्या निकालावर ठरते आणि नेमणूकपत्रात तिचा दर लिहिलेला आहे.

या शेवटच्या रकमेत एक बारीक गोम होती. प्रोत्साहन पुढच्या महिन्याच्या पगारात जमा होते. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पगारचिठ्ठ्यांवर दिसतात सप्टेंबरचे 2,100, ऑक्टोबरचे 2,700 आणि नोव्हेंबरचे 3,900; डिसेंबरचे 1,500 जानेवारीत येणार. चिठ्ठीवरून घ्यावे तर 8,700, कमावलेल्या महिन्यावरून घ्यावे तर 8,100. कायदा रजेआधीच्या तीन महिन्यांत केलेल्या कामाबद्दल देय असलेले वेतन पाहतो. पैसे हातात कधी पडले हे पाहत नाही. म्हणून 8,100 घेतले. इथे कर्मचाऱ्याचे एकूण सुमारे 1,330 रुपये कमी झाले, पण सप्टेंबरची कमाई ऑक्टोबरची म्हणून मोजणे कायद्याला धरून झाले नसते. उलट प्रसंगही येतो: शेवटच्या महिन्यात मोठी वसुली झाली असेल आणि ती अजून चिठ्ठीवर आली नसेल, तर चिठ्ठ्या पाहून केलेला हिशेब बाईचे नुकसान करतो.

भागायचे कशाने

या प्रकरणातला सगळ्यात वादाचा भाग हाच. कायदा म्हणतो, रजेवर जाण्याच्या तारखेच्या लगेच आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत ज्या दिवशी काम केले त्या दिवसांच्या वेतनाची सरासरी. रजा 1 जानेवारीला सुरू झाल्यामुळे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन सबंध महिने मिळाले, ही सोय. रजा 9 किंवा 17 तारखेला सुरू झाली असती तर दोन अर्धवट महिने जोडत बसावे लागले असते.

तीन महिन्यांचे वेतन:

ऑक्टोबर: 34,500 + 2,700 = 37,200
नोव्हेंबर: 34,500 + 3,900 = 38,400
डिसेंबर: 34,500 × 21 ÷ 31 = 23,371, अधिक 1,500 = 24,871
एकूण 1,00,471 रुपये

आता भाजक. टेबलावर चार पर्याय होते.

92 दिवस, म्हणजे तीन महिन्यांचे सगळे दिवस. दर 1,092.08, एकूण लाभ 1,98,758. हा पर्याय पटकन सुचतो आणि म्हणूनच धोक्याचा आहे. बिनपगारी दहा दिवसांचे पैसे वरून काढून टाकायचे आणि तेच दहा दिवस खाली मोजायचे, म्हणजे आजारपणाची कात्री दोनदा लावायची.

69 दिवस, म्हणजे रविवार आणि बिनपगारी दिवस वगळून उरलेले. दर 1,456.10, एकूण 2,65,010. कायद्याचे शब्द अक्षरशः वाचले तर हाच अर्थ निघतो असे म्हणणारे भेटतात.

26, म्हणजे उपदानाच्या हिशेबासारखे महिन्याच्या पगाराला 26 ने भागायचे. निव्वळ ठरलेल्या पगारावर 1,326.92. याला 182 ने गुणले की बरोबर सात महिन्यांचा पगार येतो, कारण 182 भागिले 26 म्हणजे 7.

82 दिवस, म्हणजे ज्या दिवसांचा पगार खरोखर दिला तेवढेच. दर 1,225.26, एकूण 2,22,997.

कंपनीने 82 निवडले. महिन्याच्या पगारात रविवारचा पगार धरलेलाच असतो. म्हणून वरच्या रकमेत ज्या दिवसांचे पैसे आहेत तेच दिवस खाली यायला हवेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ताळाही जुळला: सहा महिने कामावर राहिल्या असत्या तर 2,07,000 पगार आणि महिना सरासरी 2,700 प्रमाणे 16,200 प्रोत्साहन, असे 2,23,200 मिळाले असते. फरक दोनशे रुपयांच्या आसपास. डिसेंबरचा रविवार बिनपगारी न धरता भाजक 83 केला, तरी वरची रक्कमही वाढते आणि दर 1,224 च्या घरातच राहतो. सूत्र बरोबर बसले आहे, हे अशा किरकोळ बदलाने दर न हलण्यावरून ओळखता येते.

69 चा पर्याय मात्र निकाली निघाला असे म्हणता येणार नाही. कामाच्या दिवसाचा दर काढून तो सातही दिवसांना लावणे, हे रोजंदारीवरील मळेकामगाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या बी. शहा प्रकरणात मान्य केलेलेच आहे. रोजंदारीत रविवारचे पैसे नसतात, मासिक पगारात ते असतात. या फरकामुळे 82 योग्य, असे कंपनीने टिपणात लिहिले आणि त्याची प्रत कर्मचाऱ्यांना दिली. त्यांना तो दर मान्य नसता तर कलम 17 खाली निरीक्षकाकडे दाद मागण्याची वाट मोकळी होती. त्यांनी मान्य केला.

किमान वेतनाशी तुलना करणेही कायद्याने बंधनकारक आहे, कारण दोहोंतला जास्त दर द्यायचा असतो. इथे दर कितीतरी वर होता.

गुणायचे कशाने

156 की 182, याचे उत्तर त्याच 1977 च्या निकालात आहे: आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून. तेव्हा 26 आठवडे म्हणजे 182 दिवस.

लेखापालांची मूळ चूक नेमकी इथली आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. 26 ने भागून 156 ने गुणले तर बरोबर सहा महिन्यांचा पगार येतो. 30 ने भागून 182 ने गुणले तर सहा महिने आणि वर दोन दिवसांचा येतो. त्यांनी 30 ने भागले आणि 156 ने गुणले. पूर्ण पगार धरला असता तरी या एका गफलतीने 5.2 महिन्यांचाच पगार हाती पडला असता; त्यांनी तर फक्त मूळ पगार धरला होता.

हप्ते, आणि बाळ नऊ दिवस आधी

कलम 6 प्रमाणे बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला मिळाल्यावर आगाऊ, आणि उरलेली रक्कम बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत द्यायची असते. 1 जानेवारी ते 11 फेब्रुवारी हे 42 दिवस. त्यांचे 51,461 रुपये. आधी दिलेले 21,600 वजा जाता फरकाचे 29,861 रुपये 19 जानेवारीला जमा झाले. हा हप्ता उशिरा गेला, यात वाद नाही.

मालकांची इच्छा होती की राहिलेले 1,71,536 रुपये महिन्याच्या पगारासारखे तुकड्यांनी द्यावेत. व्यवहारात अनेक ठिकाणी तसेच चालते आणि बायकांची तक्रारही नसते. पण कलम 27 प्रमाणे कायद्यापेक्षा कमी देणारा करार टिकत नाही, आणि बाई मधेच राजीनामा देईल या भीतीने हप्ते अडकवून ठेवण्याला या कायद्यात आधार नाही. एकरकमी दिल्याने आयकराचा बोजा वाढेल अशी शंका होती. 2023-24 च्या नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत करमाफी असल्याने त्यांच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवला नाही.

मूल जन्मले 3 फेब्रुवारीला, अपेक्षेपेक्षा नऊ दिवस आधी. रुग्णालयाचा दाखला 5 तारखेला मिळाला. लेखापालांनी जन्मतारखेपासून 20 आठवडे मोजून रजा 21 जूनला संपवली. इथे 9 दिवस, म्हणजे 11,027 रुपये, हवेत विरणार होते. कायदा आधी सहा आणि नंतर वीस अशी वाटणी सांगत नाही. एकूण 26 आठवडे, त्यातले अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त आठ, एवढेच तो म्हणतो. आधी न वापरलेले दिवस नंतर मिळतात. रजा 30 जूनलाच संपायची होती. 42 दिवसांची आगाऊ रक्कम तशीच राहिली आणि उरलेल्या 140 दिवसांचे पैसे 7 फेब्रुवारीला गेले. त्यासोबत कलम 8 चे 3,500 रुपये वैद्यकीय बोनस म्हणून दिले, कारण प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची मोफत देखभाल कंपनी पुरवत नव्हती.

डिसेंबरची बिनपगारी रजा

सगळे संपले असे वाटत असताना एप्रिलच्या हिशेब तपासणीत सल्लागारांच्या लक्षात आले की 4 ते 13 डिसेंबरची रजा मुळात बिनपगारी लावायलाच नको होती. कलम 10 प्रमाणे गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यावर, 26 आठवड्यांच्या वर एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते, आणि तीही प्रसूती लाभाच्याच दराने. दाखला फाइलमध्ये होता. तो पाहूनच रजा मंजूर झाली होती.

दहा दिवसांचे 12,253 रुपये मे महिन्यात दिले. यामुळे दर बदलायचा का? बदलला नाही. ते दिवस पगारी ठरले तरी कामाचे ठरत नाहीत, म्हणून त्यांचे पैसे वर आले नाहीत आणि दिवस खाली आले नाहीत. प्रसूतीची गैरहजेरी 4 डिसेंबरपासूनच सुरू झाली असे धरून सप्टेंबर ते नोव्हेंबरची सरासरी घ्यावी, असाही एक विचार झाला. पण त्या 14 डिसेंबरला कामावर परतल्या होत्या आणि आजारपणाची रजा कायद्याने वेगळी ठेवली आहे.

निष्पत्ती

एकूण दिले गेले 2,22,997 अधिक 3,500 अधिक 12,253, म्हणजे 2,38,750 रुपये. पहिला हिशेब होता 93,600 चा. कर्मचारी 1 जुलै 2024 रोजी, सोमवारी, रुजू झाल्या.

एप्रिलमध्ये सगळ्यांना वेतनवाढ मिळाली होती. तिच्यामुळे लाभाचा दर बदलत नाही, कारण तो रजेआधीच्या तीन महिन्यांवर गोठलेला असतो. (ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांनी इथे गल्लत करू नये, तिथल्या वैधानिक प्रसूती वेतनात रजेच्या काळात लागू झालेली पगारवाढ सरासरीत धरून पुन्हा हिशेब करावा लागतो.) वेतनवाढ मात्र रजेवर होत्या म्हणून टाळता येत नाही, रुजू झाल्या दिवसापासून नवा पगार लागला.

वेगळे काय करता आले असते

नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक महिला कर्मचाऱ्याला या लाभांची लेखी आणि इलेक्ट्रॉनिक माहिती देणे 2017 च्या दुरुस्तीने बंधनकारक होते. ते झाले असते तर प्रोबेशनचा मुद्दा निघालाच नसता, आणि डिसेंबरचा दाखला आला त्याच दिवशी कर्मचाऱ्यांनी स्वतःच कलम 10 ची रजा मागितली असती. सगळ्यात स्वस्त उपाय हा होता.

हजेरीपटात बिनपगारी रजेचा एकच रकाना होता. गरोदरपणातील आजारासाठी वेगळी खूण ठेवली तर हे दिवस नजरेतून सुटत नाहीत. एक्सेलमध्येही दर काढण्याच्या ओळीत दोनच खाने हवेत: किती दिवसांचा पगार दिला, आणि त्या दिवसांचा पगार किती. तिसरा खाना 182 चा, तो बदलायचा नाही. प्रोत्साहनाची शेवटची रक्कम नंतर कळत असेल तर आगाऊ हप्ता उपलब्ध आकड्यांवर द्यावा आणि फरक दुसऱ्या हप्त्यात भरून काढावा. त्यासाठी पहिला हप्ता थांबवू नये.

हे सगळे 1961 च्या कायद्याखालचे गणित आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातही तीन महिन्यांची सरासरी आणि 26 आठवडे कायम आहेत, पण वेतनाची व्याख्या बदलली आहे: घरभाडे आणि प्रवास भत्ता बाहेर जातात, आणि वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरावा लागतो. या कर्मचाऱ्यांच्या पगारात हे दोन भत्ते मिळून 9,000 होते, म्हणजे निम्म्याच्या बरेच आत, त्यामुळे ते परत येणार नाहीत. संहितेखाली हाच हिशेब करायचा झाला तर भाजक आणि गुणक तेच राहतील. वरच्या रकमेची छाननी मात्र भत्त्यागणिक नव्याने करावी लागेल.